एक पुस्तक, तीन ओळी

वाचकांच्या संगणकविषयक प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या या सदरासाठी या खेपेस बडोद्याहून आलेली चार पत्रे निवडली आहेत. चौघांची कामे वेगळी असली, तरी तक्रार एकच आहे : डेटाबेसमधून यादी मागवली की त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येतात. क्वेरीतील, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातील, कीवर्ड प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच टाइप करावे लागतात; येथे ते सदराच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत छापले आहेत.

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या छोट्या मराठी ग्रंथालयाचे काम आम्ही चार-पाच जणी हौसेने पाहतो. माझ्या भाच्याने पुस्तकांची नोंद मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये करून दिली असून त्यात ‘पुस्तके’, ‘लेखक’ आणि कोणत्या पुस्तकाचा कोण लेखक हे सांगणारे ‘पुस्तक_लेखक’ अशी तीन टेबले आहेत. ‘इतिहास’ या विषयाची पुस्तके शोधली, की तीन लेखकांनी मिळून लिहिलेले ४१७ क्रमांकाचे पुस्तक यादीत तीनदा दिसते आणि वाचक विचारतात, ‘याच्या तीन प्रती आहेत का?’ मी ‘डिस्टिंक्ट’ लावून पाहिले, काही फरक पडला नाही. ‘ग्रुप बाय’ लावल्यावर ग्रंथालयातील जुन्या संगणकावर पुस्तक एकदाच आले, पण तिघांपैकी एकाच लेखकाचे नाव उरले. तीच क्वेरी घरच्या नव्या लॅपटॉपवर चालवली, तर ती चुकीची असल्याचा संदेश येतो. भाचा परदेशी गेला आहे. काय करावे?

उत्तर : प्रथम एक गोष्ट नीट पाहू. आपल्याला ज्या तीन ओळी सारख्या वाटतात, त्या डेटाबेसच्या दृष्टीने सारख्या नाहीत. पुस्तकाचा क्रमांक आणि शीर्षक तिन्हींत तेच असले, तरी लेखकाचा कॉलम प्रत्येक ओळीत वेगळा आहे. तीन टेबले जोडून आपण जे विचारले, त्याचा अर्थ ‘इतिहासाची पुस्तके दाखव’ असा होत नाही. ‘इतिहासाच्या पुस्तकांच्या आणि त्यांच्या लेखकांच्या सर्व जोड्या दाखव’ असा होतो, आणि जोड्या खरोखरच तीन आहेत. ‘डिस्टिंक्ट’ निरुपयोगी ठरले ते याचमुळे. पहिल्या कॉलमपासून शेवटच्या कॉलमपर्यंत तंतोतंत जुळणाऱ्या ओळींमधून ते एक ठेवते व बाकीच्या वगळते. एखाद्याच कॉलमकडे पाहून निर्णय घेणे हे त्याचे कामच नाही. अनेक जण ‘डिस्टिंक्ट’ पुस्तकाच्या नावाला चिकटवून लिहितात आणि ते त्या नावापुरतेच लागू होईल असे मानतात, पण ते संपूर्ण ओळीलाच लागू होते.

आपल्या बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवायला सुरुवात केली, त्याही काळातील ग्रंथपालांना ठाऊक होते, की कार्ड-पद्धतीत एका पुस्तकासाठी लेखकाचे, शीर्षकाचे, विषयाचे अशी अनेक कार्डे लागतात. खणात ती कार्डे निरनिराळ्या जागी असत, म्हणून कोणी ‘तीन प्रती आहेत का’ असे विचारत नसे. आपण ती सगळी एकाच पडद्यावर एकाखाली एक मांडली, इतकाच फरक.

आता जुन्या आणि नव्या संगणकाच्या वागण्याविषयी. ‘ग्रुप बाय पु.क्रमांक’ लिहिल्यावर (पु, ले आणि पले ही ‘पुस्तके’, ‘लेखक’ आणि ‘पुस्तक_लेखक’ या टेबलांची छोटी नावे) तीन ओळींचा एक गट होतो, परंतु त्या गटातील तीन नावांपैकी कोणते दाखवायचे हे आपण सांगितलेलेच नसते. जुने मायएसक्यूएल अशा वेळी हाताला लागेल ते एक नाव उचलून देत असे, आणि तेच नाव पुढच्या वेळीही येईल याची हमी देत नसे. ५.७.५ या आवृत्तीपासून ही मोकळीक मूळ सेटिंगमध्येच बंद करण्यात आली. गटातील अनेक मूल्यांमधून कोणते घ्यायचे हे स्पष्ट नसेल, तर नवी आवृत्ती क्वेरी नाकारते. इंटरनेटवर ती जुनी मोकळीक पुन्हा सुरू करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो कृपया करू नका. आपला लॅपटॉप खरे बोलत आहे. खोटे बोलत होता तो ग्रंथालयातला संगणक.

आपल्याला हवे आहे ते असे, की पुस्तकाची एकच ओळ यावी आणि तिच्यात तिन्ही नावे स्वल्पविरामाने जोडून यावीत. त्यासाठी मायएसक्यूएलमध्ये ‘ग्रुप_कन्कॅट’ हे फंक्शन आहे :

सिलेक्ट पु.क्रमांक, पु.शीर्षक,
ग्रुप_कन्कॅट(ले.नाव ऑर्डर बाय पले.क्रम सेपरेटर ', ') ॲज सर्व_लेखक
फ्रॉम पुस्तके पु
लेफ्ट जॉइन पुस्तक_लेखक पले ऑन पले.पुस्तक = पु.क्रमांक
लेफ्ट जॉइन लेखक ले ऑन ले.क्रमांक = पले.लेखक
व्हेअर पु.विषय = 'इतिहास'
ग्रुप बाय पु.क्रमांक, पु.शीर्षक;

येथे काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. गट केवळ शीर्षकावर केलेला नाही, कारण एकाच नावाची दोन निराळी पुस्तके असू शकतात, आणि मग दोन वेगळ्या पुस्तकांचे लेखक एका ओळीत कोंबले जातील. ‘ऑर्डर बाय पले.क्रम’ लिहिले नाही, तर नावांचा क्रम ठरलेला राहत नाही. मुखपृष्ठावर पहिले असलेले नाव यादीत शेवटी गेले, तर लेखक नाही तरी लेखकाचे नातेवाईक नक्की येऊन विचारतील. आपल्या जोडटेबलात ‘क्रम’ हा कॉलम नसेल, तर आताच घालून घ्या. टेबले जोडण्याच्या साध्या जॉइनऐवजी ‘लेफ्ट जॉइन’ घेतले आहे ते दिवाळी अंकांसारख्या नोंदींसाठी. ज्यांच्यापुढे लेखकच नोंदवलेला नाही, अशी प्रकाशने साध्या जॉइनमध्ये यादीतून गुपचूप गळतात. लेफ्ट जॉइनमध्ये ती राहतात आणि लेखकाच्या जागी ‘नल’, म्हणजे रिकामी नोंद, येते. तेथे ‘कोअलेस’ वापरून ‘लेखक नोंदलेला नाही’ असे छापता येईल.

एक अडचण देवनागरीत लिहिणाऱ्यांना विशेष भोवते. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कन्कॅटचा निकाल मूळ सेटिंगनुसार १०२४ बाइटपर्यंतच लांब असू शकतो. त्यापुढचा मजकूर कापला जातो आणि सूचना येते ती फक्त वॉर्निंगच्या रूपात, जी सहसा कोणी वाचत नाही. रोमन लिपीत १०२४ बाइट म्हणजे १०२४ अक्षरे होतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला मात्र यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘जोशी’ हा दोन अक्षरी शब्द अशा रीतीने बारा बाइटांचा होतो. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम ३४१ चिन्हे येतात. एखाद्या प्रातिनिधिक काव्यसंग्रहात चाळीस कवी असतील आणि प्रत्येकाच्या पूर्ण नावाला वीसेक चिन्हे लागत असतील, तर साधारण सोळाव्या नावानंतर यादी तुटेल. क्वेरीआधी ‘सेट सेशन ग्रुप_कन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००’ ही ओळ चालवली, की हा प्रश्न मिटतो; आकडा अर्थातच रोमन अंकांत लिहायचा. मारियाडीबी हा मायएसक्यूएलचाच भाऊबंद वापरणाऱ्यांना १०.२.४ या आवृत्तीपासून ही मर्यादा मुळातच सुमारे दहा लाख बाइटांची मिळते.

आपण विचारलेले नाही, पण पुढच्याच आठवड्यात जे घडेल तेही सांगून ठेवतो. कोणीतरी वाचक येऊन म्हणेल, ‘जोशींची पुस्तके दाखवा.’ आपण वरच्याच क्वेरीत व्हेअरची अट बदलून ‘ले.नाव लाइक '%जोशी%'’ अशी लिहाल. ४१७ क्रमांकाचे पुस्तक येईल, एकाच ओळीत येईल, पण लेखक म्हणून फक्त जोशी दिसतील. उरलेले दोघे नाहीसे झालेले असतील. कारण व्हेअरची चाळणी गट होण्याच्या आधी लागते. जोशींखेरीजच्या ओळी तेव्हाच बाहेर पडतात आणि ग्रुप_कन्कॅटपर्यंत पोहोचतच नाहीत. ही चूक फार घातक असते, कारण निकाल अगदी नीटनेटका दिसतो. तेव्हा शोधण्याचे काम आणि दाखवण्याचे काम वेगळे करावे. कोणती पुस्तके हवीत हे आतल्या क्वेरीने ठरवावे आणि त्या पुस्तकांचे सर्व लेखक बाहेरच्या क्वेरीने गोळा करावेत :

व्हेअर पु.क्रमांक इन (सिलेक्ट पले२.पुस्तक फ्रॉम पुस्तक_लेखक पले२ जॉइन लेखक ले२ ऑन ले२.क्रमांक = पले२.लेखक व्हेअर ले२.नाव लाइक '%जोशी%')

बाकीची क्वेरी जशीच्या तशी ठेवावी.

प्रश्न : रावपुऱ्यातील आमच्या गणेशोत्सव मंडळाचा मी खजिनदार आहे. सभासद, त्यांचे फोन आणि त्यांनी दिलेली वर्गणी अशी तीन टेबले आहेत. प्रत्येक सभासदाचे नाव, सर्व फोन आणि एकूण वर्गणी अशी एकेक ओळ मी काढली. एका सभासदाने ५०१ आणि २५१ रुपये अशा दोन पावत्या फाडल्या होत्या. यादीत त्यांच्यापुढे १५०४ रुपये आले. त्यांनी ‘उरलेले पैसे परत द्या’ असे हसत हसत म्हटले, पण हिशेब तपासनीस हसणार नाहीत. मी ‘सम’मध्ये ‘डिस्टिंक्ट’ घातले आणि आकडा बरोबर ७५२ आला. आता ठीक आहे ना?

उत्तर : ठीक नाही. आकडा बरोबर आला तो योगायोगाने.

या सभासदांचे दोन फोन नोंदवलेले असणार. दोन पावत्या आणि दोन फोन एकाच क्वेरीत जोडले, की प्रत्येक पावती प्रत्येक फोनशी जुळते आणि चार ओळी तयार होतात : ५०१ दोनदा, २५१ दोनदा. बेरीज ७५२ ची दुप्पट, म्हणजे १५०४. ज्यांचा एकच फोन आहे त्यांचा आकडा बरोबर येतो, तीन फोन असलेल्या घराची वर्गणी तिप्पट होते, आणि आपण फोन नसलेल्यांसाठी लेफ्ट जॉइन वापरले नसेल, तर ते वर्गणीसकट यादीतून गायब होतात. म्हणूनच एकूण बेरीज पाहून चूक कोठे आहे हे कळत नाही.

‘सम’च्या आत ‘डिस्टिंक्ट’ घातल्यावर सारख्या रकमा एकदाच धरल्या जातात. या सभासदाच्या रकमा वेगळ्या होत्या, म्हणून निभावले. ज्यांनी जन्माष्टमीला ५०१ आणि चतुर्थीला पुन्हा ५०१ दिले, त्यांच्यापुढे आता ५०१ च येतील, आणि ते हसत हसत बोलणार नाहीत.

ज्या दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध नाही, त्या एका जागी जोडायच्याच नाहीत, हा यातला खरा उपाय आहे. वर्गणीच्या टेबलावर आधी स्वतंत्र क्वेरी लिहून सभासदागणिक बेरीज करून घ्यावी. फोनच्या टेबलावर दुसरी स्वतंत्र क्वेरी लिहून सभासदागणिक फोन ग्रुप_कन्कॅटने एकत्र करावेत. दोन्हींत आता प्रत्येक सभासदाची जास्तीत जास्त एकच ओळ असेल. मग सभासदांच्या टेबलाला या दोन तयार याद्या लेफ्ट जॉइनने जोडाव्यात :

सिलेक्ट स.नाव, फो.सर्व_फोन, कोअलेस(व.एकूण, ०) ॲज वर्गणी
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद, ग्रुप_कन्कॅट(क्रमांक सेपरेटर ', ') ॲज सर्व_फोन फ्रॉम फोन ग्रुप बाय सभासद) फो ऑन फो.सभासद = स.क्रमांक
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद, सम(रक्कम) ॲज एकूण फ्रॉम वर्गणी ग्रुप बाय सभासद) व ऑन व.सभासद = स.क्रमांक;

तपासणीसाठी एक सवय लावून घ्या. केवळ वर्गणीच्या टेबलावर, कोणतेही जॉइन न करता, ‘सम’ काढा आणि अहवालाच्या शेवटच्या बेरजेशी ताडून पाहा. दोन आकडे जुळले नाहीत, तर अहवाल छापू नका. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींची बेरीज हाताने करून ठेवणारे जुने खजिनदार हेच करीत असत.

प्रश्न : आमच्या संस्थेची पत्त्यांची यादी अनेक जणांनी अनेक वर्षे टाइप केली आहे. ‘गोऱ्हे’ आणि ‘गोर्‍हे’ अशी दोन नावे यादीत आहेत. डोळ्यांना मला तरी फरक दिसत नाही, पण ‘ग्रुप बाय’ केल्यावर दोन वेगळ्या ओळी येतात. अशा सर्व नोंदी एकत्र करून जादा ओळी पुसून टाकण्याची क्वेरी द्यावी. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आधीच्या दोन पत्रांतील दुबार ओळी जॉइनमधून निर्माण झाल्या होत्या, टेबलांत त्या नव्हत्या. आपल्या टेबलातच त्या आहेत, म्हणून आपले काम निराळे आणि जास्त जोखमीचे आहे.

मराठीतला हा डोळ्यांनी दिसणारा ‘ऱ्ह’ संगणकात दोन-तीन प्रकारे साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘जोडक’ हे न दिसणारे चिन्ह असते. ‘ॲ’चेही तसेच : ते एकसंध अक्षर म्हणून टाइप होते किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब) दिलेले रूप आणि ‘ऱ’ एक होतात, पण जोडक असलेले रूप एक होत नाही आणि ‘ॲ’ची दोन रूपेही एक होत नाहीत, तेवढे बदल आपल्याला ‘रिप्लेस’ने करावे लागतात. पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटसारखे डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये अशा रूपांना वेगळेच मानतात. याशिवाय नावापुढची एखादी मोकळी जागा असतेच. ती ‘ट्रिम’ने जाते.

तेव्हा मूळ नावाचा कॉलम तसाच ठेवून ‘शुद्ध_नाव’ असा नवा कॉलम करावा, वरील बदल त्यात करावेत, आणि ‘ग्रुप बाय शुद्ध_नाव हॅविंग काउंट(*) > १’ असे लिहून संशयित नोंदींची यादी काढावी. येथपर्यंत क्वेरी पुरते. पुसण्याची क्वेरी मात्र मी देणार नाही, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या यादीतील नाव, आडनाव आणि पत्ता जुळणाऱ्या नोंदी मीच एका फटक्यात एकत्र केल्या होत्या. आठवड्याभरात एक वृद्ध गृहस्थ आजीव सभासदत्वाची पिवळी पडलेली पावती घेऊन आले. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, आणि त्या घरात आजोबा व नातू दोघेही सभासद होते. माझ्या क्वेरीने आजोबांना नातवात विलीन केले होते. पावतीवरचा क्रमांक मी पाहिला, यादीत तो नव्हता, आणि मला तो बॅकअपमधून शोधून काढावा लागला. बॅकअप होता, एवढेच नशीब.

यादी हातात घेऊन माहितगार माणसाने एकेका जोडीवर खूण करावी. जन्मवर्ष किंवा सभासद झाल्याची तारीख जवळ असेल, तर निर्णय सोपा होतो. दोन नोंदी एकच आहेत हे ठरल्यावर, जी नोंद जाणार तिच्या क्रमांकाला जोडलेल्या पावत्या, फोन वगैरे आधी राहणाऱ्या नोंदीच्या क्रमांकावर वळवाव्यात आणि मगच ती नोंद काढावी. हा क्रम उलटा केल्यास पावत्या निराधार होतात. सर्व काही एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच सलग व्यवहारात, करावे, म्हणजे चूक दिसल्यास ‘रोलबॅक’ करून सगळे पूर्ववत करता येईल.

प्रश्न : कारेलीबागेत राहतो, कचेरीत एसक्यूएल सर्व्हर २०१४ वापरतो. त्यात ग्रुप_कन्कॅट नाही असे दिसते. पर्याय?

उत्तर : एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘स्ट्रिंग_ॲग’ हे फंक्शन २०१७ च्या आवृत्तीपासून आले. पोस्टग्रेसमध्ये त्याच नावाचे फंक्शन ९.० पासून आहे आणि ओरॅकलमध्ये ११जी रिलीज २ पासून ‘लिस्टॅग’ आहे. २०१४ मध्ये आपल्याला आतल्या क्वेरीपुढे ‘फॉर एक्सएमएल पाथ('')’ लिहून ओळी एका मजकुरात गुंफण्याची आणि सुरुवातीचा जादा स्वल्पविराम ‘स्टफ’ने काढण्याची जुनी युक्ती वापरावी लागेल. ती करताना ‘, टाइप’ हा शब्द जोडून ‘.व्हॅल्यू('.', 'एनव्हारकॅर(मॅक्स)')’ ने मजकूर बाहेर काढावा; नाही तर ‘जोशी & सन्स’ अशा नावातील & हे चिन्ह एक्सएमएलच्या सांकेतिक रूपात छापले जाते. पुढे २०१७ वा त्यानंतरच्या आवृत्तीवर गेलात, तरी एवढे ध्यानात असू द्या, की तेथील स्ट्रिंग_ॲगच्या आत ‘डिस्टिंक्ट’ चालत नाही. नावे दुबार येत असतील, तर ती आतल्या क्वेरीतच एकेरी करून मग जोडावीत.